नसलेल्या कुत्र्याचे पुरावे

कुत्र्याच्या जेवणाचं नवंकोरं स्टीलचं भांडं निरीक्षकांनी हातात घेतलं, उलटं केलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. तळाला कंपनीचं स्टिकर होतं. ते त्यांनी नखाने खरवडून काढलं. केलं ते एवढंच. ते स्टिकर जागच्या जागी राहू दिलं असतं, तर पाचच दिवसांनी, परक्या बाईसमोर, स्वतःच्या घराच्या हॉलमध्ये उभं राहून भुंकून दाखवायची वेळ या गृहस्थांवर आली नसती. पण त्यांच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय होती आणि सवयीपुढे त्यांचं कधीच काही चाललं नाही. (बायकोपुढेही चालत नसे, पण तो विषय वेगळा.)

हे गृहस्थ हॉटेलांचे भटारखाने तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, सासुरवाडीत, सगळीकडे त्यांना निरीक्षकच म्हणत. तपासणी उद्या आहे असा सुगावा लागला की हॉटेलवाले रातोरात काय काय करतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. आचाऱ्याच्या अंगावर नवा एप्रन येतो, पण त्याच्या घड्या मोडलेल्या नसतात. मोरीजवळ नवी बादली येते, पण तिला स्टिकर असतं. हात धुवायला साबण ठेवतात, पण साबणावरचं नाव जसंच्या तसं असतं. "वापरलेल्या साबणावर नाव राहत नाही," हे त्यांचं वाक्य ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. असं काही दिसलं की निरीक्षक वहीत तीन शब्द लिहीत, 'व्यवस्था तपासणीपुरती आहे', आणि मालकाचं लायसन्स अडकून पडे. मालकाने अर्जात काही खोडून पुन्हा लिहिलं असेल तर त्याच्या शेजारी सही घेतल्याशिवाय ते खुर्चीतून हलत नसत. एकदा एका मालकाकडून त्यांनी अनुस्वाराशेजारी सही घेतली होती.

आता याच माणसाच्या घरी तपासणी होणार होती.

त्याचं असं झालं. निरीक्षकांची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पेशंटच्या दातांच्या मापासाठी लगदा कालवणं, हत्यारं उकळणं, खुर्चीत घाबरलेल्या माणसाला गप्पांत गुंतवणं ही तिची कामं. दवाखान्यातले जुने टॉवेल टाकून देण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून ती ते घेऊन गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेली. तिथे सतरा नंबरच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्रा होता. एक कान फाटलेला, वय नक्की कुणालाच माहीत नाही, दोन घरांनी नेऊन दोन्ही घरांनी परत आणून सोडलेला. पिंजरा उघडल्यावर तो बाहेर आला, तिच्या पावलावर हनुवटी टेकली आणि झोपून गेला. ती दीड तास तशीच उभी राहिली. घरी आली तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या होत्या आणि निर्णय झालेला होता.

निरीक्षकांनी सवयीने हरकती काढल्या. केस गळतात, भुंकतो, गावाला जाताना काय करायचं, वगैरे. बायकोने एकाही हरकतीला उत्तर दिलं नाही, पुढच्या रविवारी त्यांना निवाऱ्यात घेऊन गेली. सतरा नंबरने निरीक्षकांचे बूट पुढून तपासले, मागून तपासले, मग त्यांच्या पँटला नाक पुसलं आणि त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की काही त्रुटी आहेत, पण चालवून घेऊ. परतीच्या वाटेवर निरीक्षक पँटवरचा डाग तपासत राहिले. सोमवारी दुपारी मात्र त्यांनी दवाखान्यात फोन केला.

"अगं, त्या सतराला थंडी वाजत नसेल ना?"

"का बरं?"

"नाही, फरशी गार होती. नोंद घेतली होती मी."

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून या घरात संध्याकाळी दोन माणसं आणि एक टीव्ही असत आणि तिघांपैकी बोलायचा फक्त टीव्ही. आता जेवताना रोज सतराचा विषय निघायला लागला. त्याची जागा ठरली, फिरायच्या वेळा ठरल्या. तो आला नाही तर काय, हे दोघांपैकी कुणीही बोलत नव्हतं. पण निवाऱ्याचा नियम कडक होता. आधी फॉर्म, मग घराची तपासणी, आणि तपासणीत नापास झालेल्या घराला पुन्हा अर्ज करता येत नाही. दोनदा परत आलेला कुत्रा तिसऱ्यांदा परत येऊ नये म्हणून सतराच्या बाबतीत तर जास्तच कडक.

फॉर्म निरीक्षकांनी स्वतः भरला, एकही खाडाखोड न करता. 'यापूर्वी कुत्रा पाळला होता का?' नाही. 'घरातील इतर प्राणी?' इथे त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

तपासणी शनिवारी होती. खरी तयारी बायकोने आधीच उरकली होती. बाल्कनीला जाळी बसवली, विजेच्या वायरी भिंतीवर चढवल्या, फिनेल आणि औषधं वरच्या फळीवर नेली, जनावरांच्या डॉक्टरांना भेटून लसींच्या तारखा लिहून आणल्या, गावाला जाताना कुत्र्याला कुणाकडे ठेवायचं तेही विचारून ठेवलं. निरीक्षकांकडे फक्त चार वस्तू आणायचं काम होतं. भांडं, पट्टा, बसायची गादी आणि चघळायचं रबरी हाड. त्या त्यांनी सोमवारी आणल्या. बायको तेव्हा दवाखान्यात होती. आणि मग ते स्टिकर निघालं.

स्टिकर निघाल्यावर भांडं जास्तच चकचकीत दिसायला लागलं. निरीक्षक दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी ते हॉटेलवाल्याच्या मोरीजवळ ठेवलं आहे अशी कल्पना करून पाहिलं. सरळ दिसत होतं, व्यवस्था तपासणीपुरती होती. गादीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. पट्टा कडक होता. हाडावर तर दाताचा एक ओरखडा नव्हता. आपण तपासणीला आलो असतो तर या घराला लायसन्स दिलं नसतं, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं.

दुसरा एखादा माणूस इथे म्हणाला असता की कुत्रा अजून आलेला नाही, तेव्हा वस्तू नव्याच असणार. पण सव्वीस वर्षं लोकांच्या लबाड्या शोधणाऱ्या माणसाला साधी गोष्ट सुचत नाही.

भांडं त्यांनी वाळूने घासलं आणि दोनदा जिन्यावरून खाली सोडलं, म्हणजे पोचे आले. पट्टा बाल्कनीच्या कठड्याला बांधून अर्धा तास ओढला. गादीवर स्वतः दोन दिवस सकाळी कुशीवर झोपून खळगा पाडला. (अर्धी रजा टाकून. कारण, 'घरगुती तपासणी'.) काम झालं की प्रत्येक वस्तू शनिवारपर्यंत कपाटात, बायकोच्या नजरेआड जाई.

मंगळवारी फॉर्ममधला एक प्रश्न त्यांना खुपायला लागला. 'भुंकण्याच्या आवाजाला शेजाऱ्यांची हरकत आहे का?' तिथे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, कारण वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी तसं तोंडी सांगितलं होतं. घड्याळवाले काका घरीच घड्याळं दुरुस्त करत आणि त्यांच्याकडे एक पांढरा झुबकेदार कुत्रा होता. पण तोंडी निवेदनाला निरीक्षकांच्या खात्यात काडीची किंमत नाही. प्रत्यक्ष चाचणी हवी. सकाळी अकराला, बायको दवाखान्यात गेल्यावर, ते बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि भुंकले. आधी हळू. मग जरा मोकळ्या घशाने. वरून कुणाची तक्रार आली नाही. चाचणी समाधानकारक.

गुरुवारी दाराचा नंबर लागला. ज्या घरात कुत्रा येतो त्या घराच्या दारावर नखं उमटतातच, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी जेवणाचा काटा घेतला आणि बेडरूमच्या दारावर शिस्तीत समांतर रेघा ओढल्या. कंबर दुखत असल्यामुळे वाकवत नव्हतं, म्हणून रेघा उभ्याने हाताला येतील तिथे, म्हणजे कमरेच्या वर उमटल्या. मग घड्याळ दुरुस्तीला द्यायच्या निमित्ताने ते काकांकडे गेले आणि निघताना दाराबाहेरच्या पायपुसण्यावरून पांढऱ्या केसांचा एक पुंजका उचलला. नियमाप्रमाणे नमुन्याचे दोन भाग केले. एक तपासणीच्या दिवशी सोफ्यावर पसरला, दुसरा पाकिटात घालून, वर तारीख टाकून, सही करून कपाटात ठेवला. का ठेवला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

राहिलं हाड. पक्कडीने दाबलं तर सरळ रेघ उमटत होती, सुरीने केलं तर सुरीनेच केल्यासारखं दिसत होतं. दाताचं काम दातांनीच होतं, असा निष्कर्ष काढून निरीक्षक बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार अशा तीन संध्याकाळी बाल्कनीत पेपर आडवा धरून हाड चघळत बसले. वेष्टनावर 'हिरड्यांना हितकारक' असं लिहिलेलं होतं, तेवढाच दिलासा. शुक्रवारी हाड बघण्यासारखं झालं. त्याच संध्याकाळपासून निरीक्षक तोंड मिटून हसायला लागले.

"दात दुखतोय का?" बायकोने विचारलं. दवाखान्यात असल्यामुळे तिचं लक्ष माणसाच्या डोळ्यांआधी दातांकडे जाई.

"छे. उद्याचं जरा टेन्शन आहे."

"कसलं टेन्शन? सगळं आहे की जागच्या जागी. त्यांनी विचारलं की खरं सांगायचं, झालं."

निरीक्षक तोंड मिटून हसले.

शनिवारी बरोबर चारला बेल वाजली. निवाऱ्यातून आलेल्या बाई साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात शिट्टी घालावी तसा छोटा टॉर्च अडकवलेल्या होत्या. निवाऱ्यात त्यांना सगळे टॉर्चबाईच म्हणत. चहा घेणार का विचारल्यावर त्या "आधी काम" म्हणाल्या, तेव्हा निरीक्षकांना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला आणि त्याच वेळी त्यांचं धाबं दणाणलं, कारण हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

पहिली दहा मिनिटं छान गेली. टॉर्चबाईंनी बाल्कनीची जाळी ओढून पाहिली, वायरी पाहिल्या, लसींच्या तारखा वाचल्या.

"कामावर गेल्यावर तो एकटा किती वेळ?"

"मी दोनला येते घरी," बायको म्हणाली. "सकाळी हे दहाला निघतात. चार तास. पहिले पंधरा दिवस मी रजा घेतलीये."

"छान." टॉर्चबाईंनी बरोबरची खूण केली. बायकोचा चेहरा उजळला. हे सगळं इथेच थांबलं असतं तर काय हवं होतं.

मग टॉर्चबाई भांड्यापाशी बसल्या. भांडं उचललं, फिरवलं, पोच्यावरून बोट फिरवलं. पट्टा हातात घेऊन वाकवून पाहिला. गादीवरच्या खळग्यावर टॉर्च मारला. निरीक्षक हाताची घडी घालून उभे होते. काम पक्कं झालं होतं, शंकाच नको.

"फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, यापूर्वी कुत्रा पाळलेला नाही," टॉर्चबाई म्हणाल्या.

"नाही. कधीच नाही."

"मग हे कुणाचं?"

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांना उलट्या बाजूने दिसलं की त्यांनी काय करून ठेवलं आहे. नव्या वस्तू पाहून फार तर 'आत्ताच आणलेल्या दिसतात' असं कुणी म्हणालं असतं. वापरलेल्या वस्तू पाहून कुणीही एकच प्रश्न विचारणार.

"तो कुठे आहे?" टॉर्चबाईंनी विचारलं.

"कोण?" बायको म्हणाली.

टॉर्चबाई सोफ्याकडे वळल्या, दोन बोटांनी केस उचलले आणि उजेडात धरले. "पांढरा. लांब केसांचा." मग बेडरूमच्या दाराशी थांबल्या. रेघा पाहिल्या, आपल्या उंचीशी ताडून पाहिल्या. "आणि चांगला उंच."

"अहो, हे दार कुणी ओरबाडलं?" बायकोने हे दार आत्ता पाहिलं. गुरुवारपासून त्यावर निरीक्षकांनी टॉवेल वाळत घातला होता, तो बेल वाजायच्या जरा आधी दाखवण्यासाठी काढला होता.

निरीक्षक "ते... त्याचं..." असं काहीतरी पुटपुटले. खरं सांगायचं, तर तपासणीत बनवाबनवी केल्याचं कबूल करावं लागणार. आणि बनवाबनवी केलेल्या माणसाला लायसन्स द्यायचं नाही हा नियम त्यांना जगात सर्वांत जास्त पटलेला होता. नाही सांगितलं, तर कुत्रा लपवल्याचा आळ. दोन्हीकडून सतरा जात होता. अशा वेळी हॉटेलमालक जे करतात तेच त्यांनी केलं. रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आपण चहा घेऊ या का आधी?"

तेवढ्यात घड्याळवाले काका दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायला खाली आले. दार उघडंच होतं. टॉर्चबाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"तुम्ही शेजारी ना? या घरात कधी कुत्रा पाहिलात?"

"पाहिला नाही बुवा," काका म्हणाले. काका खोटं बोलत नसत, आणि त्यांना या कुटुंबाचं भलंच करायचं होतं, म्हणून ते पुढेही बोलले. "पण ऐकलाय. मंगळवारी, अकराच्या सुमाराला. मी बायकोला म्हणालो पण, साहेबांनी कुत्रा आणला वाटतं. आवाज मात्र बारीक होता हो. गळा बसल्यासारखा. आमचा बिचारा तासभर अस्वस्थ होता. तेव्हापासून परत काही ऐकू आलं नाही. आजारी होता का?"

टॉर्चबाईंनी वहीत लिहायला सुरुवात केली. निरीक्षकांना उलटं वाचता येत असे (धंद्याची गरज), म्हणून त्यांना दिसत होतं. 'पांढरा, लांब केस, कमरेएवढा उंच, आवाज क्षीण. मंगळवारनंतर बेपत्ता.'

"हे बघा," टॉर्चबाई वही मिटत म्हणाल्या, "मी आरडाओरडा करणारी बाई नाही. कुत्रा कुणाला दिलात, की सोडून दिलात, की काही बरंवाईट झालं, एवढंच सांगा. सतरा दोनदा परत आलाय. त्याला मी अशा घरात देऊ शकत नाही जिथे एक कुत्रा होता आणि त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही."

बायको खुर्चीत बसली. तिने निरीक्षकांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं, पण ती घाबरलेली होती.

"अहो, मी दवाखान्यात असताना तुम्ही कुणाचा कुत्रा आणला होतात का? खरं सांगा. मी काही म्हणणार नाही. पण काय केलंत त्याचं?"

"अगं, कुत्रा नव्हता."

"मग हे केस? आवाज? हे दार?" बोलता बोलता तिने टेबलावरचं हाड उचललं. "आणि हे कुणी चावलं?"

आणि बोलणं अर्ध्यातच राहिलं. हात सवयीने हाड फिरवायला लागले होते. चौदा वर्षं रोज लोकांच्या दातांची मापं हातात धरलेली बाई ती. तिने हाड डोळ्यांजवळ नेलं.

"बाई, जरा टॉर्च द्या."

टॉर्चबाईंनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, टॉर्च दुसऱ्याच्या हातात दिला.

"पुढचे चार दात सपाट आहेत," बायको सावकाश म्हणाली. "कुत्र्याचे असे नसतात. उजवीकडची दाढ झिजलेली आहे. हा माणूस उजव्या बाजूनेच जास्त चावतो. खालचा एक दात आडवा आहे. आणि वरचा डावा सुळा..." तिने टेबलावरची टाचणी घेतली आणि रबरात रुतलेलं काहीतरी उकरून काढलं. तळहातावर एक छोटी पांढरी कॅप पडली. बायकोने ती ओळखली. न ओळखायला काय झालं, नवऱ्याच्या त्या कॅपच्या मापाचा लगदा तिने स्वतः कालवला होता आणि रंग तिनेच निवडला होता.

"आ करा," ती म्हणाली.

निरीक्षकांनी मान हलवली.

"अहो, आ करा म्हणते ना."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी शेकडो मालकांना फ्रीज उघडायला लावले, त्यांनी तोंड उघडलं. टॉर्च आत पडला. टॉर्चबाईही वाकल्या, काकाही वाकले. डाव्या सुळ्याच्या जागी तासलेला खुंट होता.

मग निरीक्षक बोलायला लागले ते थांबेनातच. स्टिकरपासून सगळं सांगितलं. वाळू, जिना, कठडा, काटा, पायपुसणं. पुरावा म्हणून कपाटातलं पाकीट आणलं. त्यावरची तारीख आणि सही पाहून काका म्हणाले, "हे आमच्या कुत्र्याचेच केस आहेत की." शेवटी निरीक्षक खाली बघत म्हणाले, "कॅप गिळली असं वाटलं मला. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस कशी निघाली. आणि तुम्हाला वाटलं असतं की हे सगळं तपासणीपुरतं आहे. ते तपासणीपुरतं नाहीये हो. मला तो कुत्रा हवाय. त्याने माझ्या पँटला नाक पुसलं, तेव्हापासून ती पँट मी धुवायला टाकलेली नाही."

"तरीच सापडत नव्हती," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती, आणि आधी कशासाठी रागवावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

टॉर्चबाईंचा चेहरा मात्र हलला नाही. "अकरा वर्षं मी घरं बघतेय," त्या म्हणाल्या. "लोक कुत्रे लपवतात, मांजरं लपवतात, एकाने तर सासू लपवली होती. नसलेला कुत्रा दाखवणारे तुम्ही पहिलेच. केसांचं कळलं, दाताचं कळलं. आवाजाचं राहिलं. भुंकून दाखवा."

"आत्ता?"

"प्रत्यक्ष चाचणी."

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. तिने हाड खाली ठेवलं आणि मान डोलावली. मग ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, घसा साफ केला आणि भुंकले. सुळ्याची कॅप नसल्याने पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसरा जमला. वरच्या मजल्यावरून पांढऱ्या कुत्र्याने ताबडतोब उत्तर दिलं आणि देतच राहिला.

"हाच," काका म्हणाले. "मंगळवारचा हाच."

टॉर्चबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतःहून चहा मागितला. चहा होईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. खांदे हलत होते, त्यामुळे हसत असाव्यात. कप हातात आल्यावर त्या बायकोला म्हणाल्या, "पहिल्या घराने सतराला परत आणलं ते सोफा खराब केला म्हणून. दुसऱ्या घराने, चप्पल चावली म्हणून. ज्याने त्याच्यासाठी तीन दिवस हाड चावलं, तो काही चपलेवरून त्याला परत आणणार नाही. उद्या सकाळी दहाला या. गादी आहे तशीच राहू द्या, खळगा चांगला पडलाय."

बायकोने टॉर्चबाईंचे दोन्ही हात धरले. निरीक्षक तोंड उघडून हसले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"एक मिनिट," टॉर्चबाई फॉर्म पुढे करत म्हणाल्या. "माहिती चुकीची होती, ती मी दुरुस्त केलीये. खाडाखोड झाली की शेजारी सही लागते, असं तुमच्या बायकोकडून ऐकलंय."

निरीक्षकांनी चष्मा लावला. 'घरातील इतर प्राणी' या रकान्यात त्यांच्या सुरेख अक्षरातल्या 'निरंक'वर आडवी रेघ होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एक. नर. वय चौपन्न. हाडं चावतो, दारं ओरबाडतो, भुंकतो. माणसाळलेला आहे.' शेजारच्या लसीकरणाच्या चौकटीत प्रश्नचिन्ह होतं.

त्यांनी दोनदा वाचलं. त्रुटी काढावी असं काही सापडेना, तेव्हा मुकाट्याने सही केली. बायकोने त्यांच्या खांद्यावरून वाकून मजकूर वाचला, त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि 'माणसाळलेला'च्या आधी 'बराचसा' असा शब्द घातला.

आणि नियमाप्रमाणे त्याच्याही शेजारी निरीक्षकांना सही करावी लागली.